आपण कोणत्या घाटाने आलो?

गेल्या वर्षी श्रावणात समाजातली चौदा मुले आणि आम्ही तिघे मोठे पातालपाणीला गेलो होतो. बेत माझाच होता. बेत म्हणजे काय, तर एक मिनीबस ठरवली, पोहे-जलेबी बांधून घेतली आणि निघालो. तिथे पाण्याची अवस्था काय असेल, काठावर कठडा कुठपर्यंत आहे, मुलांवर लक्ष कोण ठेवणार, यातले काहीच मी ठरवले नव्हते. जलसंपदा विभागात वीस वर्षे नोकरी केलेल्या, स्थापत्याचा डिप्लोमा घेतलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

व्हायचे तेच झाले. माझा सख्खा पुतण्या फोटोसाठी कठड्यापलीकडच्या शेवाळलेल्या खडकावर गेला आणि त्याचा पाय सटकला. जवळच भुट्टे भाजत बसलेल्या एका गावकऱ्याने त्याला दंडाला धरून मागे ओढले. गुडघा सोलवटला, मोबाइल दरीत गेला, बस एवढेच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या बैठकीत ज्येष्ठांनी ठरवले की समाजातर्फे अशा सहली यापुढे नकोत. मला एका शब्दानेही विरोध करता आला नाही.

परतीच्या वाटेवर बसमध्ये मात्र एक गोष्ट घडली होती. सगळे गप्प होते. खिडकीतून दरी दिसत होती. नववीतली एक मुलगी मला म्हणाली, "काका, आपले लोक महाराष्ट्रातून आले ना? मग ते ही दरी चढून आले का?" मी म्हटले, "हो, म्हणजे, इथूनच कुठून तरी." ती म्हणाली, "कुठून तरी म्हणजे कुठून?"

मला सांगता आले नाही. आम्ही उज्जैनला सात पिढ्यांपासून आहोत असे बाबा सांगत. कोणत्या वाटेने आलो ते त्यांना आजोबांनी सांगितले होते म्हणे. मी कधी नीट विचारले नाही, आणि दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. वर्षभर दुपारच्या सुट्टीत आणि रविवारी बसून मी जे वाचले, नकाशांवर जे पाहिले, ते त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून इथे मांडतो. लेखाच्या शेवटी ज्येष्ठांपुढे एक विनंतीही आहे.

माळव्याचा काठ

आपण उज्जैनचे लोक सपाटीवर राहतो, त्यामुळे आपण पठारावर आहोत हे विसरून जातो. शिप्रेच्या घाटावर उभे राहिले की सगळीकडे सारखीच जमीन दिसते. पण उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच आहे. दक्षिणेला इंदूर, महू ओलांडून गेलो की जमीन थोडी थोडी चढत जाते आणि मग एकदम संपते. खाली तीनचारशे मीटरवर निमाड आणि त्यातून वाहणारी नर्मदा. विंध्य म्हणून जो पर्वत आपण शाळेत शिकलो, तो आपल्या बाजूने पर्वत वाटतच नाही. खालून, महेश्वरकडून पाहिले तरच त्याची भिंत दिसते.

कोकणातून देशावर जाणाऱ्याला सह्याद्री जसा दिसतो, तसाच निमाडातून येणाऱ्याला हा काठ दिसतो. खडकही तोच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा जो काळा पत्थर तयार झाला, तो पुण्या-साताऱ्याखाली आहे तसाच आपल्या घरांच्या पायाखालीही आहे. आपली काळी माती त्याच दगडाची झालेली आहे. पुणे-साताऱ्याकडून आलेल्या माणसाला इथला घाट, दगड आणि ज्वारीचे शेत परके वाटले नसावे.

या काठावर महूजवळ जानापाव नावाचा डोंगर आहे. साडेआठशे मीटरच्या वर उंच. परशुरामाचे जन्मस्थान म्हणून लोक तिथे जातात. चंबळ तिथून निघते, गंभीरही त्याच बाजूने निघते, आणि दोन्ही उत्तरेला वाहतात. गंभीरच्या धरणाचे पाणी आपण उज्जैनकर रोज पितो. त्याच डोंगराच्या परिसरातले दुसऱ्या बाजूला पडलेले पाणी चोरल आणि कारम या नद्यांतून दक्षिणेला नर्मदेत जाते. म्हणजे डोंगरमाथ्यावर पाऊस पडला की एक थेंब आपल्या नळाला येतो आणि हातभर अंतरावरचा दुसरा पातालपाणीच्या कड्यावरून सुमारे तीनशे फूट खाली कोसळतो. पहिला यमुनेवाटे बंगालच्या उपसागरात जातो, दुसरा अरबी समुद्रात.

नदीने काठ कापला की खोल घळ होते. आपल्याकडे तिला खोह म्हणतात. मांडूचा काकडा खोह हा सगळ्यांना माहीत असलेला. मांडूचे पठार मूळ माळव्यापासून या खोहानेच वेगळे केले आहे, म्हणूनच तिथे एवढा मोठा किल्ला झाला. पण जिथे नदी भिंत कापते, तिथेच माणसालाही चढायला फट मिळते. खोह, धबधबा आणि घाट ही तिन्ही एकाच पाण्याची कामे आहेत. म्हणून धबधबे पाहायला गेलेल्या मुलीने घाटाचा प्रश्न विचारला, तो अगदी योग्य ठिकाणी विचारला होता.

फार जुनी वाट

या काठावरून माणसे किती वर्षांपासून ये-जा करत आहेत? बौद्धांच्या सुत्तनिपात या पाली ग्रंथात बावरी नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट आहे. तो गोदावरीकाठी राहत असे. त्याचे सोळा शिष्य बुद्धाला भेटायला उत्तरेला निघाले. त्यांच्या वाटेवरची गावे ग्रंथात क्रमाने दिली आहेत. आधी पतिट्ठान, म्हणजे आपले पैठण. मग माहिस्सती, म्हणजे माहिष्मती. पुष्कळ अभ्यासक तिला महेश्वर मानतात. मग उज्जेनी. पुढे विदिशा आणि कौशांबी. पैठण, महेश्वर, उज्जैन या क्रमाचा अर्थ असा की नर्मदा ओलांडून हा काठ चढल्याशिवाय त्या सोळा जणांना उज्जैनला येताच आले नसते. महाराष्ट्रातून उज्जैनला येण्याची ही वाट मराठी भाषेहूनही जुनी आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाश्याच्या पुस्तकात ओझेनी, म्हणजे उज्जैनहून भडोचच्या बंदरात कापड आणि मौल्यवान दगड जात असल्याची नोंद आहे. तो मालही हे पठार उतरूनच समुद्राकडे जात असणार.

मुघलांच्या काळात बुऱ्हाणपूरहून येणारी वाट अकबरपूरला, म्हणजे आजच्या खलघाटजवळ, नर्मदा ओलांडत असे. १६५८ च्या एप्रिलमध्ये औरंगजेब याच उताराने नदी पार करून वर आला. महाराजा जसवंतसिंह शाहजहानची फौज घेऊन उज्जैनला बसले होते. औरंगजेबाने नदीचे उतार आणि वाटा इतक्या बंद ठेवल्या की तो वर चढून आल्याची बातमी जसवंतसिंहांना फार उशिरा लागली. गंभीरच्या काठी धरमतला लढाई झाली आणि औरंगजेब जिंकला. त्या विजयाच्या नावाने फतेहाबाद झाले. आपल्यातल्या पन्नाशीच्या आतबाहेरच्या सगळ्यांनी फतेहाबादला छोटी लाइनची गाडी पाहिली आहे. ते नाव कशाचे आहे हे मलाही गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हते.

१७२८ चा नोव्हेंबर

आता आपल्या लोकांची गोष्ट. मराठी फौजा त्याआधीही नर्मदा ओलांडून येत आणि खंडणी घेऊन परत जात. पण येऊन राहण्याची सुरुवात १७२८ च्या नोव्हेंबरपासून धरावी लागते. त्या वर्षी पालखेडला निजामाला नमवून झाल्यावर बाजीराव पूर्वेच्या वाटेने बुंदेलखंडाकडे निघाले आणि त्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा माळव्याकडे. चिमाजी अप्पांबरोबर उदाजी पवार होते, मल्हारराव होळकर होते, राणोजी शिंदे होते.

माळव्याचा मुघल सुभेदार गिरिधर बहादूर हा शूर आणि सावध माणूस होता. मराठे अमझेऱ्याच्या घाटाने चढतील असा त्याचा अंदाज होता. म्हणून त्याने तिथल्या वाटा रोखल्या आणि अमझेऱ्याला पक्का तळ दिला. चिमाजी अप्पांनी नर्मदा ओलांडली आणि मांडूजवळच्या घाटाने फौज वर आणली. सुभेदार ज्या वाटेकडे डोळे लावून बसला होता, त्या वाटेने कोणी आलेच नाही. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला लढाई झाली. गिरिधर बहादूर मारला गेला. त्याचा चुलतभाऊ दया बहादूर याचा मृत्यू १७३१ मध्ये तिरल्याला झाला असे जुन्या पुस्तकांत असे. सीतामऊचे डॉ. रघुबीरसिंह यांनी माळव्याच्या इतिहासावर जे काम केले, त्यानंतर तोही अमझेऱ्यालाच पडला असे मानले जाऊ लागले. आपल्या माळव्यातल्याच एका माणसाने घरात बसून केलेले हे काम आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

तलवार सगळ्यांकडे होती. त्या दिवशी कोणता घाट घ्यायचा, हे ठरवण्यावर सगळे फिरले. माझ्यासारख्या न ठरवता निघणाऱ्या माणसाला यातून जे शिकायचे ते मी शिकलो.

त्यानंतर चिमाजी अप्पा उज्जैनवर आले. आपल्या शहराला वेढा पडला. गिरिधर बहादूरचा मुलगा भवानीराम याने शहर लढवले आणि काही आठवड्यांनी चिमाजी अप्पांना वेढा उठवावा लागला. आपण मराठी माणसे हे सांगताना चटकन पुढे जातो, पण उज्जैन पहिल्या खेपेस पडले नाही हे खरे आहे. उज्जैनकर म्हणून त्याचाही थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.

१७३२ मध्ये माळव्यातल्या महसुलाची शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात वाटणी ठरली. १७३८ च्या जानेवारीत भोपाळजवळ निजामाने माळवा सोडल्याचे मान्य केले आणि १७४१ मध्ये बादशहाकडून त्यावर शिक्कामोर्तब झाले. ते पाहायला बाजीराव नव्हते. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडीला त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तिथेच आहे, आपल्या या काठाच्या पायथ्याच्या मुलखात.

राणोजी शिंद्यांनी उज्जैन हे ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्र बाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. दिवाणाबरोबर कारकून आले, कारकुनाबरोबर भट आले, पागेबरोबर शिलेदार, आचारी, वैद्य, सोनार, शिंपी आले. आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज या रांगेत कुठेतरी होते. इतिहासाच्या पुस्तकात त्यांचे नाव नाही. पण घाट त्यांनीही चढलाच, आणि त्यांच्या बायकांनी कडेवर मूल आणि देव्हाऱ्यातल्या टाकांची पेटी घेऊन चढला.

जाम दरवाजा

फौजेने जिंकलेल्या वाटेचा रस्ता एका बाईने केला. १७६७ मध्ये कारभार हाती घेतल्यावर अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी ठेवली. महेश्वर खाली नर्मदेकाठी, आणि इंदूर आणि बहुतेक मुलूख वर पठारावर. कागद, पैसा, धान्य, यात्रेकरू, सगळे रोज हा काठ चढणार-उतरणार. त्या वाटेवर, जाम घाटाच्या माथ्यावर, १७९१ मध्ये त्यांनी एक भक्कम दरवाजा बांधला. तोच जाम दरवाजा. महूहून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो आजही उभा आहे आणि त्यावर संस्कृत शिलालेख आहे.

हा किल्ल्याचा दरवाजा नाही. दोन्ही बाजूंना तटबंदी नाही. एकटाच वाटेवर उभा आहे, वर राहायला जागा आणि सज्जे आहेत. मी स्थापत्याच्या नजरेने पाहिले तर जागा अचूक निवडली आहे. चढ संपतो तिथेच तो आहे. चढून आलेल्या माणसाला आणि बैलाला जिथे थांबावेसे वाटते, तिथेच पहारा, सावली आणि जकातीची नोंद ही सगळी कामे एका इमारतीत होतात. पावसाळ्यात ढग दरवाज्याच्या खाली असतात. दक्षिणेला तोंड करून उभे राहिले की पायाखाली सगळा निमाड दिसतो.

वाटेवर फक्त चांगलेच आले असे नाही. १८०१ च्या जुलैमध्ये यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या पलटणींचा उज्जैनजवळ पराभव केला आणि शहराने त्याची झळ सोसली. त्याच वर्षी शिंद्यांकडच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. एकाच घाटाने एकत्र चढून आलेल्या दोन घराण्यांनी सत्तर वर्षांनी एकमेकांची शहरे उजाडली. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. ज्यांची पोटे दरबारावर होती ती पुष्कळ घरे तिकडे गेली. आपली घरे ती आहेत, जी इथेच राहिली.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला हवी. घाट आधी भिल्लांचे होते. प्रवाशाला सुखरूप पार नेणे आणि त्याचा हक्क घेणे हा त्यांचा जुना व्यवहार होता. कोणत्याही राजाला त्यांच्याशी समजुतीने वागल्याशिवाय हा काठ राखता आला नाही. पातालपाणीला तंट्या भिल्लांचे ठाणे आहे. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला इंग्रजांनी त्यांना फाशी दिले. निमाडात लोक त्यांना तंट्या मामा म्हणतात. छोटी लाइनची गाडी तिथे थांबून मगच घाट उतरे. माझ्या पुतण्याचा दंड धरणारा माणूसही त्याच गावचा. त्याचे नाव मी त्या दिवशी विचारले नाही, याची मला लाज वाटते.

छोटी लाइन

घाटाचा शेवटचा मोठा अध्याय रेल्वेचा. १८७० मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी खांडवा ते इंदूर लोहमार्गासाठी १ कोटी रुपयांचे कर्ज इंग्रज सरकारला देऊ केले. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यायचे, ही गोष्टच त्या काळी नवलाची. इंदूरपुढच्या नीमच मार्गासाठी ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी ७५ लाख दिले. जुन्या वैरानंतर होळकरांचा रूळ आणि शिंद्यांचा रूळ असे जोडले गेले, आणि फतेहाबादहून फाटा निघून उज्जैनला आला.

पातालपाणी ते कालाकुंड हा या मार्गाचा घाट. चाळीस फुटांना एक फूट असा चढ, बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल. लहानपणी मामाकडे खांडव्याला जाताना पातालपाणीला गाडी थांबायची, ब्रेक तपासले जायचे. मग आई म्हणायची, "आता खिडकीतून हात बाहेर काढू नका." कालाकुंडला पळसाच्या पानात कलाकंद मिळे. २५ डिसेंबर २०१८ पासून याच टप्प्यावर पर्यटकांसाठी वारसा गाडी सुरू झाली.

एकाच काठाने पायवाट, बैलवाट, दरवाजा आणि लोहमार्ग पाहिले. २०१४ मध्ये नर्मदाही तो काठ चढून आली. नर्मदा-शिप्रा जोड योजनेत ओंकारेश्वरकडचे पाणी सुमारे ३५० मीटर उचलून उज्जैनी गावाजवळ शिप्रेत सोडले जाते. २०१६ च्या सिंहस्थात आपण ज्या पाण्यात स्नान केले, तेही घाट चढूनच आलेले होते.

पाणी कसे फसवते

आता माझ्या खात्यातले चार शब्द. काळ्या पत्थरात पाणी लवकर मुरत नाही. पावसाळा सुरू होऊन जमीन भिजली की वरच्या पाणलोट क्षेत्रात पडलेला जवळजवळ सगळा पाऊस नदीत उतरतो. धबधब्याजवळ ऊन असते आणि पाच-दहा कोसांवर ढग फुटलेला असतो. ते पाणी तासाभराने एकदम येते. पातालपाणीला जुलै २०११ मध्ये असाच लोंढा आला आणि पात्रात उभी असलेली माणसे वाहून गेली. तेव्हा ते दृश्य साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले.

लोंढा येण्याआधी पाणी गढूळ होते, पाने-काटक्या वाहून येतात, आवाज जड होतो. हे दिसेपर्यंत बाहेर पडायला फार थोडा वेळ उरतो. म्हणून खरा नियम एकच: पावसाळ्यात पात्रात उतरायचेच नाही. गेल्या वर्षी मला हे सगळे माहीत होते. कार्यालयात मी हेच कागदावर लिहून देतो. स्वतःच्या पुतण्याला मात्र सांगितले नव्हते.

यंदाचा बेत

आपल्या उज्जैनचे पद्मश्री डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, आपले हरिभाऊ, १९५७ मध्ये रेल्वेने जाताना खिडकीतून भीमबेटकाचे खडक पाहून थांबले आणि चालत तिथवर गेले. त्यातून जगाला आदिमानवाची चित्रे कळली. पायी गेल्याशिवाय मुलूख कळत नाही, हे आपल्याच शहरातल्या मराठी माणसाने दाखवले आहे. म्हणून माझी ज्येष्ठांना हात जोडून विनंती आहे की सहली बंद करू नयेत. माझ्यासारख्याने बेताशिवाय काढलेल्या सहली बंद कराव्यात.

मी मांडतो तो बेत असा. दिवाळीनंतर, नोव्हेंबरमधला एक रविवार. नद्या उतरलेल्या असतात, वाट कोरडी असते. धबधबे बारीक झालेले असतील हे मान्य आहे. या खेपेस आपण घाट पाहायला जात आहोत. पहाटे पाचला निघून आधी चिंतामण गणेशाचे दर्शन. मग इंदूर, महूवरून जानापाव. तिथे माथ्यावर उभे राहून कोणते पाणी कुठे जाते ते मुलांना दाखवायचे. तिथून जाम दरवाजा. शिलालेख पाहायचा, डबे खायचे. मग दरवाज्याजवळून जुन्या वाटेने जेवढे उतरता येईल तेवढे पायी उतरायचे, गाडी खाली येऊन थांबेल. संध्याकाळी महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट पाहून रात्री परत.

तयारी अशी. महिनाभर आधी मी आणि आणखी दोघे जण ती वाट स्वतः चालून येऊ. वन विभागाच्या तिथल्या कार्यालयात आधी विचारून, लागेल ती परवानगी घेऊ. गावातला एक जाणता माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घेऊ, त्याची मजुरी आधी ठरवू आणि त्याचे नाव आधी विचारू. पाच मुलांमागे एक मोठे माणूस, आणि कोणती पाच मुले कोणाकडे हे कागदावर. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी, टोपी, चांगल्या तळव्याचे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे. एक दोर, प्रथमोपचाराची पेटी, मीठ-साखरेची पाकिटे. खोहात मोबाइल लागत नाही, म्हणून गाडीजवळ एक जण थांबेल आणि ठरल्या वेळेला आम्ही पोहोचलो नाही तर कोणाला कळवायचे ते त्याच्याजवळ लिहिलेले असेल. दुपारी दोनपर्यंत उतरायला सुरुवात झाली नाही तर पायी उतरणे रद्द, सगळे गाडीने जातील. कड्याच्या दोन हात आत कोणी फोटो काढणार नाही. हा शेवटचा नियम वाचून दाखवण्याचे काम माझ्या पुतण्याने मागून घेतले आहे.

हे नीट पार पडले तर पुढच्या पावसाळ्यात मांडूचा काकडा खोह, तोही काठावरूनच पाहायचा. चिमाजी अप्पांची फौज चढली तो मुलूख तिथून समोर दिसतो.

आणि एक मागणे सगळ्या घरांकडे. बाबा सांगत की आपण मांडूच्या घाटाने आलो. त्यापुढे ते जे सांगत ते मी ऐकून घेतले नाही. पवारांबरोबर आलो की शिंद्यांबरोबर, मूळ गाव कोणते, आधी धारला उतरलो का, हे आता मला कोणाला विचारता येत नाही. तुमच्या घरात अजून विचारता येण्यासारखे कोणी असेल. आजी असेल, मोठे काका असतील. या दहा दिवसांत आरतीनंतर त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. मूळ गाव, कुलदैवत, कोण कोणाबरोबर आले, कोणत्या वाटेने आले, घरात जुना कागद, पेटी, टाक काय आहे. आठवण अर्धवट असली तरी लिहा आणि कोणी सांगितली तेही लिहा. समाजाच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. अनंत चतुर्दशीपर्यंत तिच्यात लिहावे, आणि ज्या घरांना मुले पाठवायची आहेत त्यांनी शेवटच्या पानावर नाव द्यावे.

पहिले पान भरले आहे. त्या नववीतल्या, आता दहावीत गेलेल्या मुलीने आपल्या पणजीला विचारून लिहिले आहे. त्यांचे घर छोट्या लाइनने आले, खांडव्याहून, नोकरीसाठी, तीनच पिढ्यांपूर्वी. पणजीला पातालपाणीच्या चढावर इंजिनाचा धूर डोळ्यांत गेलेला अजून आठवतो.

गणपती बाप्पा मोरया!